लाल चिंधीपर्यंतचं पाणी

मोहन गेल्याचं कळवायला फोन केले, तर ज्याने त्याने एकच विचारलं, “कुठल्या धबधब्यात?” माझा धाकटा भाऊ हेब्बाळच्या बसस्टॉपवर गेला. बसची वाट बघत बसला होता, हृदय थांबलं, इतकंच... अंगावर इस्त्रीचा शर्ट, कोरडाठाक. पण दऱ्याखोऱ्यांत फिरणारा माणूस म्हणजे बेफिकीर, असाच मरणार, हे लोकांनी आधीच ठरवलेलं. संताप येतो मला. इतका सावध माणूस आमच्या सात पिढ्यांत झाला नसेल.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तो एका साहसी सहलींच्या कंपनीला नदीच्या घळी निवडून द्यायचा. दोर लावून धबधब्यातून कुठे उतरता येईल, कड्यावरून डोहात कुठे उडी मारता येईल, ते ठरवणं हे त्याचं काम. बाकीचे भरलेलं पाणी बघून भाळतात. हा एप्रिलच्या उन्हात, पाणी आटल्यावर जायचा आणि तळाचे खडक हाताने चाचपायचा. पावसाळ्यात पुन्हा तिथेच, कारण पूर कुठला ओंडका कुठे अडकवेल याचा नेम नाही. सोबत टोकाला दगड बांधलेला दोर. आणि काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना आधी विचारायचा, तुम्ही तुमच्या पोरांना कुठे उतरू देत नाही? “अक्का,” आमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत मला म्हणायचा, “वरून पाणी चंद दिसतंय, छान दिसतंय म्हणून सुम्मने, उगाच उडी टाकायची नाही. बाहेर यायची वाट आधी बघायची, गोत्ताय्ता, कळलं?” दहा घळी बघून एखादी निवडायचा.

नाकारलेल्यांत करीमडू नावाचा डोह होता. वर उंच कडा, खाली काळंभोर पाणी, फोटोत देखणं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मोहनला तिथे, उडी पडते नेमक्या त्या जागी, एक सुळका दिसला. पावसाळ्यात तो बुडतो, वरून काही म्हणता काही कळत नाही. डोह भरल्यावर रबरी ट्यूबवर बसून त्याने सुळक्यावर दोर सोडला. दगड टेकला तेव्हा पाण्याच्या पातळीशी दोराला लाल चिंधी बांधली आणि मालकांना दाखवून म्हणाला, “इथे नको.” ते म्हणाले, “सर, गिऱ्हाईक हेच मागतंय.” त्यानंतर त्याला बोलावणं येईनासं झालं. वर्षभर आमच्या हूटगळ्ळीच्या घरात तो फोनकडे बघत बसायचा. मी चिडायचे. तो म्हणायचा, “उडी सुरू नाही केली ना? मग झालं.”

तेराव्याला मालक आले. पुण्याकडचे, बोलायला गोड. फोटोला हार घातला आणि एक छापील पत्रक माझ्या हातात दिलं. पाऊस सरला की करीमडूवर नवी उडी सुरू, आणि तिचं नाव ‘मोहन सर पॉइंट’! खाली, ‘अनुभवी नजरेने निवडलेली जागा’. “ताई, ही आमची श्रद्धांजली,” म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. जिवंतपणी ज्याचं ‘नको’ ऐकलं नाही, त्याच्याकडून मेल्यावर ‘हो’ वदवून घेतलं.

मी त्यांना मोहनच्या खोलीत नेलं. दोर दारामागे खुंटीला टांगलेला असतो, दगड फरशीला टेकलेला. “इथे उभे राहा.” “अहो ताई...” “उभे राहा म्हटलं ना.” राहिले. लाल चिंधी त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी आली. “सुळक्यावर एवढंच पाणी आहे, स्वामी,” मी म्हटलं. “पहिली उडी तुम्ही मारा.”

आठ दिवसांनी नवं पत्रक निघालं. मोहनचं नाव काढलेलं, उडी तशीच. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं! ही उडी थांबवा म्हणून सरकारी कचेरीत अर्ज दिलाय, उत्तर नाही. म्हणून इथे, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मोहनचे कपडे वाटले, खोली आवरली. दोर मात्र हलवला नाही. कुणी सहलीचं बोलत घरी आलं की चहाच्या आधी मी त्याला दारामागे नेते. परवा शेजारची कॉलेजातली मुलगी सांगत आली, आम्ही मैत्रिणी रविवारी करीमडूला जातोय. तिलाही दोराशी उभं केलं. चिंधी तिच्या गळ्याशी आली. आधी हसली, मग दगडाकडे बघितलं, मग चिंधीला हात लावला... तिथेच उभ्या उभ्या तिने फोन लावला आणि मैत्रिणीला म्हणाली, “बेड कणे. तिथे नको.”