आधी वाइन, मग प्रसाद

कोपरगावजवळच्या त्या मळ्यात सकाळपासून नुसती लगबग. मोनिकाने पहिल्यांदाच स्वतःच्या जिवावर केलेली तांबडी वाइन चाखायला नाशिकचे वाइनपारखी कल्याणराव येणार होते. कॅबरने आणि मर्लो, दोन्ही फ्रान्सकडची द्राक्षं. वाइन पास झाली नाही, तर तिचे सासरे कारभारी वेल उपटून पुन्हा ऊस लावणार होते. गावातल्या अंगदला ट्रॅक्टरसुद्धा सांगून ठेवला होता.

सासूबाई गोजरबाई माळकरी. वाइनला बोट लावायच्या नाहीत. पण सुनेला यश यावं म्हणून त्यांनी वाइनच्या पिंपांच्या खोलीतच सत्यनारायण घातला. कल्याणराव आले तसा त्यांच्या हातावर शिरा ठेवला. प्रसादाला नाही कोण म्हणणार? मोनिकानेही खाल्ला.

मग पेले भरले. कल्याणरावांनी वास घेतला, घोट तोंडात घोळवला, चाखणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे बादलीत थुंकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आंबट आहे. मागून कडूही लागते."

"थुकायचीच हाय, तर एवढा खटाटोप कशाला?" गोजरबाई पुटपुटल्या.

"ऊसच बरा," म्हणत कारभारींनी मोबाईल काढला.

मोनिकाने घाईने घोट घेतला. खरंच आंबट! काल तर अशी नव्हती. जीभ टाळूला लावली, तर वेलदोडा, साखर, केळं... आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढ्या गोडावर ही वाइन कुणालाही आंबटच लागणार! पण प्रसादाला दोष द्यायचा कसा?

"आई, रागावू नका... शिऱ्याची गोडी अजून तोंडात आहे सगळ्यांच्या."

"मग आदी बोलायचं न्हाई व्हय, येडे? देव काय रुसतोय?" गोजरबाई स्वतःच पाण्याचा तांब्या आणि कोरडी भाकरी घेऊन आल्या. "चूळ भरा भाऊ, आन् ही चावा."

"मलाही सुचलं नाही बघा," कल्याणराव हसले.

थोडा वेळ गेला. दुसरा घोट. कल्याणरावांनी डोळे मिटले. या खेपेला थुंकायची घाई दिसेना.

"जांभूळ... मागून काळी मिरी. जिभेला जरा धरते, पण कोवळी आहे ना! वर्षभर लाकडी पिंपात मुरू द्या. कारभारी, वेल उपटायचं नाव काढू नका."

कारभारी फोनवर शेजारच्या शिवारात ऐकू जाईल एवढ्याने ओरडले, "अंगद, ट्रॅक्टर नगं! सुनंची वाइन पास झाली!"

गोजरबाईंनी शिऱ्याचं पातेलं पुढे ओढलं. मोनिकाने दोन्ही हातांची ओंजळ धरली.