हरीभाऊंची पाठ आणि डोकं

चार म्हातारे एका ओट्यावर बसले की आधी दुखणी निघतात, मग किस्से. आमचा ओटा धसईच्या भातगिरणीचा. गोष्ट नव्वद सालानंतरची. जन्मभर वाकून भात लावलं, सगळ्यांच्या पाठी गेल्या. माझी दुखत नाही. फक्त वाकत नाही!

आमच्यातला गोविंद पाठीपायी अंथरुणाला खिळला. कूस बदलायलाही दोघं लागायचे. एकदा कौलांतून धामण त्याच्या अंगावर पडली. घरातून सगळ्यांत आधी बाहेर कोण? गोविंद! अंगणात पोचल्यावर त्याला आठवलं. "आयो, माजी पाठ!"

हरीभाऊंचं दुखणं त्याहून जुनं. त्यात विसरायला लागले. बायकोने बाजारातून सुकट आणायला सांगितली, हे बैलाची वेसण घेऊन आले. बैल मागच्याच वर्षी विकलेले!

बायको म्हणाली, "ही आता कोणाच्या नाकात घालू? तुमच्या?"

मुलगा मात्र हसला नाही. "बाबांचं डोकं गेलं. यंदा शेत दुसऱ्याला करायला देतो." त्या दिवशी हरीभाऊ जेवले नाहीत.

मी त्यांना मुरबाडला नेलं. डॉक्टरने पाठीचा फोटो काढला. म्हणाला, "दुखणं जुनं झालं की मेंदूला त्याची सवय लागते. सारखं लक्ष तिकडेच, मग बाकीचं विसरतं. डोकं शाबूत आहे, बाबा. हिंडतेफिरते राहा."

"मी विडी सोडली," हरीभाऊ म्हणाले. "मेंदूला सांगा, तूपण सवय सोड!"

परतताना एसटीत कंडक्टरने न विचारताच त्याला सांगितलं, "डोकं गेलं नाय माजं. पाठीत अडकलंय!"

मुलगा बधला नाही. "भात लावून दाखवा. मग शेत तुमचं."

आमच्याकडे मानतात, जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्या पायाळू माणसाने लाथ मारली की पाठ सुटते. हरीभाऊंची बायको म्हणाली, "आपली सूनच पायाळू हाय!"

सून नको नको म्हणत होती. आम्हांला वाटलं, लाजते. शेवटी सासऱ्याच्या पाया पडली आणि घातली लाथ! हरीभाऊ ताठ उभे राहिले. थेट शेतात गेले. अर्धं शेत लावून झालं. मुलगा बांधावरून बघत होता.

तेवढ्यात सुनेची आई भेटायला आली. ऐकून म्हणाली, "अवो, ही कुठली पायाळू? पायाळू हिची धाकटी बहीण!"

हरीभाऊ चिखलात वाकलेले, हातात रोपं. मान तेवढी वर केली.

"हळू बोला, विहीणबाय. पाठीला ऐकू जाईल."