तंबूतला खोटा शेवट

वनमालाबाई म्हणजे आमच्या वाशी गावच्या राघवेंद्र मास्तरांच्या पत्नी. माहेर तुळजापूरचं, वडील पोथी सांगणारे. ओवी वाचायची आणि तिचा अर्थ आपल्या बोलीत फोडून सांगायचा, ही घरची रीत बाईंच्या अंगात मुरलेली. त्यामुळं दुपारी आम्ही शेजारणी सुपं घेऊन त्यांच्या ओसरीवर जमलो की त्या कादंबरीसुद्धा तशीच वाचायच्या. पानभर वाचायचं, मग चष्मा कपाळावर सरकवून "म्हणजे बघा, काय झालं," म्हणत सांगायचं. ऐकता ऐकता आमचे खडे डाळीत आणि डाळ खड्यांत जायची.

त्या साली वाचलेली कादंबरी एका टाकलेल्या बाईची होती. सवत आणणाऱ्या नवऱ्याचं घर ती सोडते, शिवणाच्या मशीनवर पोट भरते, आणि नवरा न्यायला येतो तेव्हा दार उघडत नाही. हिंमतरावांची माहेरी आलेली लेक तारामती हे ऐकायला सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. तिच्याही नवऱ्यानं दुसरी आणली होती, वर हिला मारायचा. शेवटचं पान झालं त्या दिवशी तिनं बापाला सांगून टाकलं, "आबा, म्या आता नांदाय जानार न्हाय." हिंमतरावांनी तिला ठेवून घेतलं. वनमालाबाईंनी तिला शिवण शिकवायला घेतलं.

चैत्रात येरमाळ्याच्या जत्रेला सिनेमाचा तंबू आला. त्याच कादंबरीचा सिनेमा, तेच नाव! अर्धं गाव गाड्या जुंपून गेलं.

काय पाहिलं म्हणून सांगू! मशीन चालवून पायांत गोळे येणारी ती बाई इथं रेशमी पातळ नेसून विहिरीवर गाणी म्हणत होती. सवत सोयीनं मेली. मग नवरा खोकायला लागला, आणि ही धावत जाऊन त्याच्या पायांवर कोसळली. तिकिटं खपावीत म्हणून चांगल्या बाईची अशी माती केली मेल्यांनी. आजूबाजूच्या बाया हुंदके देत होत्या, मला नुसती शिसारी येत होती. वनमालाबाई मध्येच उठल्या आणि तंबूबाहेर जाऊन थुंकल्या. त्यांना थुंकताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

जत्रा पांगली आणि तारामतीच्या सासरची माणसं गाडी घेऊन दारात हजर. "त्या सिनेमातली बी गेलीच की मागारी," असं जो तो हिंमतरावांना ऐकवत होता. पोरीवरून होणाऱ्या बोलण्याला ते कंटाळलेच होते, त्यांना निमित्त सापडलं. वनमालाबाई पुस्तक घेऊन त्यांच्याकडं धावल्या. मीही मागोमाग गेले.

"हे बघा शेवटचं पान. ती दार उघडत नाही, असंच छापलंय."

हिंमतरावांना अक्षरओळख नव्हती. ते शांतपणं म्हणाले, "मास्तरीणबाई, पोथीचा अर्थ सांगताना सांगनारा चार शब्द पदरचं घालतोच. तुमी पोरीच्या भल्यासाठी घातलं, आमचा राग न्हाय. पर सिनेमा समद्या गावानं डोळ्यांनी बघितलाय."

"मी एक अक्षर पदरचं घातलं नाही! मास्तरांकडून वाचून घ्या."

"मास्तर तर तुमचंच की."

यावर बसलेली माणसं हसली. त्या हसण्याची मला आजही किळस येते. भाडोत्री नटीचं रडणं ह्यांना खरं, आणि समोर उभी असलेली बाई खोटी!

तारामती गाठोडं घेऊन बाहेर आली. वनमालाबाईंनी तिचा हात धरला. "तारा, जाऊ नकोस. माझ्या घरी राहा."

तारामतीनं इकडंतिकडं पाहून हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा. तिनं दार उघडलं न्हाय, हे पुस्तकात हाय का तुमीच माझ्यासाठी सांगितलं?"

"पुस्तकात आहे गं. देवीशपथ."

"व्हय," तारामती म्हणाली, लहान पोराची समजूत काढावी तशी, आणि गाडीत जाऊन बसली.