फुकट तपासतो, वर प्रश्न

"फुकट तपासतो, वर प्रश्न विचारते!"

डॉक्टर हे मला म्हणाले नाहीत. दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना ऐकवलं. लोक हसले.

मी एवढंच विचारलं होतं, "सर, जुनी गोळी एकदम बंद करायची, की हळूहळू?"

डिप्रेशनची गोळी. वर्षभर घेत होते. गुण येईना म्हणून त्यांनी दुसरी लिहिली.

"आजपासून जुनी बंद, उद्यापासून ही. तू पत्रकं लिही, औषध मी लिहितो."

भाईंदर पूर्वेतला हा आमच्या समाजाचा डॉक्टर. दर चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवरून सांगणार, "प्रश्न विचारायला शिका." त्या भाषणाची पत्रकं मी लिहून पेणकरपाड्याच्या गल्ल्यागल्ल्यांतून वाटलीत. परक्यानं हिणवलं असतं तर तिथंच भांडले असते. हा तर आपला माणूस. सांगितलं तसं केलं.

दोन-तीन दिवसांत सुरू झालं. डोळे फिरवले की डोक्यात करंट. चक्कर. घाम. भाजी आणायला गेले आणि भर रस्त्यात मटकन खाली बसले. रिक्षावाला ओरडला, "मरना है क्या?"

खरं सांगते, त्या क्षणी मला उत्तर माहीत नव्हतं.

आईनं धरून पुन्हा त्यांच्याकडे नेलं. "डॉक्टरसाहेब, पोरगी भिंत धरून चालायलीय ओ."

"नाटकं आहेत मावशी. जरा शिकलं की नखरे वाढतात आपल्या लोकांचे."

शाळेत सवर्ण बाई हेच म्हणायच्या. इथं फक्त आपुलकीनं.

आईनं हात जोडले होते. मी ते खाली घेतले. "चल आई. सर, मी नाटक करत नाही. मी विचारलं होतं, तुम्ही मला सांगितलं नाहीत."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. काही गोळ्या थेट बदलता येतात, काही हळूहळू उतरवाव्या लागतात, काहींच्या मध्ये मोकळे दिवस सोडावे लागतात. ते डॉक्टरनं ठरवायचं, पण पेशंटला सांगून. मनानं काही थांबवायचं नाही. मरायचे विचार आले तर लगेच यायचं. बाईंनी दोन्ही गोळ्या बघून माझी जुनी पुन्हा सुरू केली, मग ती थोडी थोडी उतरवत मला नवीवर आणलं. करंट थांबले.

दोन मिनिटांचं बोलणं होतं. आपल्या माणसानं तेवढंही दिलं नाही. का? तर मी त्याचे उपकार घेत होते.

यंदा जयंतीला त्याचा सत्कार आहे. पत्रक मीच लिहावं म्हणे.

लिहिलंय. सत्काराचं नाही. गोळी बदलताना डॉक्टरला काय काय विचारायचं, त्याचं. आणि पहिलं वाटणार त्याच्याच दवाखान्यातल्या बाकावर.

दार उघडं असताना.