आत्याचं दुखणं

माझी आत्या दौलताबादच्या पायथ्याशी मेंढरं राखत म्हातारी झाली. तिला गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. रेडिएशनचे शेक घ्यायला शहरात राहणं भाग होतं, म्हणून ती गारखेड्याला माझ्या दोन खोल्यांत आली.

रोज सकाळी मी तिला रिक्षानं दवाखान्यात न्यायची. बाकावर बसवेना, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहायची. कधी मशीन बंद पडायचं, मग "उद्या या." वजन व्हायचं, रक्त काढायचे, गाठ किती उतरली ते बघायचे. दुखतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी सांगायला गेले की आत्या माझा हात दाबायची. "गप बस पोरी. कटकट केली तर शेक बंद करतेल."

घरी ती पदराचा बोळा तोंडात धरून कण्हायची. जेवण तुटलं. अंगाला वास येतो म्हणून माझ्या लेकीला जवळ येऊ देईना.

शेक संपले, गाठ राहिलीच. मोठे डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. सेवा करा."

बाहेर पडताना आत्या जिन्यापाशी खालीच बसली. बाजूच्या खोलीतून एक डॉक्टरबाई आल्या, तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. "आजी, झोप लागते का?"

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली आणि ढसाढसा रडायला लागली. "नाय गं माय. लई दिस झाले."

त्या खोलीत गाठीवर नाही, नुसतं दुखणं थांबवायचा इलाज व्हायचा. बाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, वास कमी करायचा उपाय सांगितला. त्याच खोलीसमोरून आम्ही रोज जात होतो.

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," मी म्हणाले.

"आमच्याकडं कुणी पाठवत नाही. लोकांना वाटतं, इथं आलं म्हणजे संपलं."

आत्या झोपली. इतकी गाढ, की मी जवळ जाऊन तिचा श्वास पाहिला. उठल्यावर तिनं हुलग्याचं माडगं मागितलं. गावी नेलं तर दारात बसून कोकरांना दूध पाजू लागली, सुनेच्या कालवणाला नावं ठेवू लागली. मला म्हणाली, "हे आधी भेटलं असतं तर शेकाला मी चालत गेले असते."

मग डॉक्टरबाईंची बदली झाली. खोलीला कुलूप लागलं. ती गोळी लिहून देणारं दुसरं कुणी तिथं नव्हतं. छावणीपर्यंतची सगळी मेडिकल दुकानं मी पालथी घातली. "हे आम्ही ठेवतच नाय, ताई," एवढंच उत्तर.

गोळ्या संपल्या आणि आत्या ओरडायला लागली. पदर तोंडात धरायचीही ताकद उरली नव्हती. ऐकवत नाही म्हणून तिचा लेक मेंढरं घेऊन लांब लांब जायचा. मी गावी जाऊन पाय चेपत बसायची, तर ती म्हणायची, "हात नको लावू."

ती गेली तेव्हा सून डोळे पुसत म्हणाली, "सुटल्या एकदाच्या." जमलेल्या बायकांनी माना हलवल्या. दुखण्यातून सुटलेली आत्या मी जिवंतपणी पाहिली होती.