अकरा पाहुणे आणि शोभाबाईंची वॉफलं

शोभाबाई माझ्या चक्कीवर यायच्या त्या सहा-सात पुड्या घेऊन. उमरखेडात लोक दळण डब्यानं आणतात. दहा किलो गहू, पाच किलो ज्वारी. शोभाबाई पाव किलो मूग आणायच्या, पाव किलो भगर, मूठभर चणाडाळ, एकदा तर वाळवलेल्या कच्च्या केळीच्या चकत्या. एवढंसं धान्य चक्कीत टाकलं की त्यातलं निम्मं दगडांतच अडकतं आणि खाली येतं ते आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "थोडं मिक्स झालं तर टेस्टच येते नं, ताई."

मी बावीस वर्षं चक्की चालवते आहे. दळणात मिसळ झाली की टेस्ट येते असं सांगणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलेलं नाही.

हे सगळं एका वॉफल मशीनपायी. शोभाबाई आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहायच्या. नवरा वारल्यावर त्याच्या जागेवर शाळेत कारकून म्हणून लागल्या होत्या. पुण्याला भावाकडे वास्तुशांतीला गेल्या आणि येताना ते मशीन घेऊन आल्या. भावजयीनं नवं घेतलं आणि जुनं हिच्या गळ्यात मारलं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शोभाबाईंनी मात्र ते हळदीकुंकू लावून ओट्यावर बसवलं. दोन झाकणं, आत चौकटींची जाळी, वर तांबडा आणि हिरवा दिवा. पीठ ओतायचं, झाकण लावायचं, हिरवा दिवा लागला की काढायचं. यात शिकण्यासारखं काय आहे ते मला आजही कळलेलं नाही, पण त्या वर्षभर शिकत होत्या.

जे हाताला लागेल ते त्या जाळीत जायचं. थंडीत तुरीच्या हिरव्या सोल्यांचं वॉफल, वर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची चटणी. सीताफळाच्या दिवसांत सीताफळाचा गर, त्यातल्या बिया निम्म्या तशाच. ज्वारीच्या पिठाचं वॉफल आणि त्यावर मोहफुलांचा पाक. मेथीच्या वॉफलवर चॉकलेट, तेही सॉस संपवायचा होता म्हणून. शिळ्या खिचडीचंही एकदा झालं. दर रविवारी गल्लीतल्या बायकांना बोलावून त्या खायला घालायच्या आणि समोर बसून तोंडाकडे पाहत राहायच्या. "जाळीत पडलं का सारं साजरंच दिसते," हे त्यांचं वाक्य. दिसायचं खरंच छान. खाताना मात्र अर्धं कच्चं नाहीतर चामड्यासारखं.

मी एकदा स्पष्ट म्हटलं, "शोभाबाई, हेच पीठ तव्यावर टाकलं तर धिरडं होते अन् पाच मिनिटांत घर जेवते."

"धिरडं पाहाले कोण येते, ताई?" त्या म्हणाल्या.

तेव्हा मला ते वाक्य मूर्खपणाचं वाटलं. पुढे कळलं की बाई वर्षभर कशाची तयारी करत होती. त्यांची मुलगी पल्लवी सत्तावीस वर्षांची होती. नर्सिंग झालेली, इथल्याच एका खाजगी दवाखान्यात कामाला. तिला पाहायला चार स्थळं येऊन गेली होती. चारही जण पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेले आणि कोणीही कळवलं नाही. मुलगी सावळी, बाप नाही, भाऊ नाही, हुंड्याची ऐपत नाही. कारणं समोर होती. शोभाबाईंनी दोष काढला तो पोह्यांचा.

पाचवं स्थळ मी आणलं. ढाणकीचे लोक, माझ्या नणदेच्या सासरकडचे. कापसाची शेती, मुलाचं खता-बियाण्यांचं दुकान. मी शोभाबाईंना बजावलं होतं की पोहे करा, चहा द्या आणि गप्प बसा.

"चार बार पोहेच केलते," त्या म्हणाल्या. "पोरगी ध्यानात राहाले पाहिजे. ढाणकीत कोणाच्या घरी वॉफल भेटते?"

"अन् मशीन एक हाय. माणसं किती येतीन?"

"येऊन येऊन पाच येतीन."

आले अकरा. पाहायच्या कार्यक्रमाला पाच माणसं येतात असं ज्या बाईला वाटतं, तिनं आयुष्य कुठं काढलं असेल? मुलगा, त्याची आई, वडील, मामा, मामी, दोन काका, एक आत्या आणि उरलेले नुसते गाडीत जागा होती म्हणून.

एका वॉफलला पाच मिनिटं. पहिलं झालं. मी ते नेऊन सगळ्यांत मोठ्या काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाहिलं, मांडीवर ठेवलं आणि हात आवरून बसले. आमच्याकडे सगळ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. पंगत असो की पाहुणचार. आणि वॉफल गार झालं की दोन मिनिटांत मऊ पडतं. म्हणजे अकरावं निघेपर्यंत पहिल्याला पाऊण तासाच्या वर होणार होता. हा हिशोब शोभाबाईंनी वर्षभरात एकदाही केला नव्हता.

मी आत येऊन म्हटलं, "अजून वेळ गेली नाही. पोहे भिजवते."

"राहू द्या, ताई. होऊन राह्यलं," त्या दिव्याकडे पाहत म्हणाल्या. कपाळावरून घाम, हातात डाव. त्या बाईंची मला कीव आली असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता. स्थळ माझ्या शब्दावर आलं होतं.

बाहेर नाव, शिक्षण, उंची, मामेकुळ हे सगळं तिसऱ्या वॉफलपर्यंत संपलं. एरवी एवढ्यात पोहे संपतात आणि लोक उठतात. आता खायचं नाही, उठायचं नाही. हातात ताटल्या धरून माणसं किती वेळ गप्प बसणार? ती आपसांत बोलू लागली. स्वयंपाकघराला दार नव्हतं, पडदा होता.

पाचव्या वॉफलला कळलं की लग्नानंतर पल्लवीला नोकरी सोडावी लागेल. शोभाबाईंनी पुढचं पीठ ओतलं. सातव्याला मोठ्या सुनेचा विषय निघाला. ती आठ महिन्यांपासून माहेरी होती. मुलाची आई म्हणाली, "तिले वळणच नव्हतं. जाब पुसे." मग मामा म्हणाले, "पहिल्याच दिवशी दोन ठेवून द्याले पाहिजे होत्या. या खेपेले ध्यानात ठेवजो रे, नवरा होशीन तवा." सगळे हसले. मुलगाही हसला. पल्लवी डोक्यावर पदर घेऊन समोरच पाटावर बसली होती.

शोभाबाईंनी नववं वॉफल काढून ताटलीत ठेवलं. मशीनची पिन काढली. हात पुसले आणि पडदा बाजूला करून बाहेर गेल्या.

"तुमी आता खाऊन घ्या," त्या हात जोडून म्हणाल्या. "पोरगी मी देत नाही."

मामांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आमी कळवतो नं, बाई. घाई कायची?"

"तुमी कळवा का नका कळवू. मी आताच सांगून राह्यली."

मुलीकडच्यांनी तोंडावर नकार द्यायचा, तोही पहिल्याच बैठकीत, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ढाणकीकर ताटल्या तशाच ठेवून उठले. पल्लवीनं डोक्यावरचा पदर काढला आणि ताटल्या गोळा करायला लागली. मी एक तुकडा तोंडात टाकून पाहिला. ओला पुठ्ठा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. नणदेचे दोन फोन येऊन गेले होते आणि मला कोणावर तरी तोंड टाकायचं होतं. म्हटलं, "पोहे केले असते तर दहा मिनिटांत जमलं असतं."

"हो," शोभाबाई म्हणाल्या. "जमलं असतं."

मग शांतपणे विचारलं, "मोठ्या सुनेचं तुमाले मालूम होतं का, ताई?"

खोटं बोलायची मला सवय नाही. मला माहीत होतं. नणदेनंच सांगितलं होतं. घरोघरी थोडंफार असतं, सत्तावीस वर्षांच्या सावळ्या मुलीला आणखी काय मिळणार, असा मी विचार केला होता. मी म्हटलं, "होतं."

त्यांनी मान हलवली. चहा केला, मी तो घेतला. बाई भांडली असती तर बरं झालं असतं, पण तेवढीही अक्कल तिला नव्हती.

त्यानंतर त्या माझ्या चक्कीवर आल्या नाहीत. त्यांचं दळण बसस्टँडकडच्या चक्कीवर जाऊ लागलं. ती चक्की दुप्पट लांब आहे आणि तिथलं पीठ जाड निघतं, हे मी माझ्या धंद्यासाठी सांगत नाही. भर उन्हात त्या पुड्यांची पिशवी घेऊन माझ्या दारावरून जायच्या. समोर दिसले की विचारायच्या, "जेवल्या का, ताई?" मी हो म्हणायचे. पिशवी कुठं चालली ते मी विचारलं नाही.

दीड वर्षानं पल्लवीला यवतमाळला नोकरी लागली, तेव्हा शोभाबाईंनीही बदली मागून घेतली. जाण्याआधी त्या गल्लीतल्या प्रत्येक घरी नवा पत्ता देऊन आल्या. माझ्याकडेही आल्या. पाणी घेतलं, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि पत्ता न देता उठल्या.

मी त्यांच्या जागी असते तर आलेही नसते.