चुलीची मालकीण

जिवंत माणसाची असो की मेलेल्याची, चौकशी करण्यात आमच्या हिच्या मावशीचा हात धरणारं माणूस अख्ख्या इंग्लंडात जन्मलेलं नाही. आणि जन्मलं असलंच, तर त्याच्या आईचं बाळंतपण मावशींनीच केलं असणार, कारण लेस्टरला तीस वर्षं त्या मिडवाइफ होत्या. बसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईच्या सासूचे पित्ताचे खडे बस यायच्या आत त्यांना ठाऊक झालेले असत. एकदा चर्चच्या आवारात दोनशे वर्षांपूर्वीचा थडग्याचा दगड वाचून त्यांनी पाद्रीबुवांना विचारलं, "एकतिसाव्या वर्षी गेली बिचारी. काय झालं होतं हो हिला?" पाद्रीबुवांनी उगीचच माफी मागितली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, रिटायर झाल्यावर, मावशी-काकांनी लेस्टरबाहेरच्या एका खेड्यात तीनशे वर्षांचं जुनं फार्महाउस घेतलं. स्वयंपाकघरात कोळशाची भली थोरली लोखंडी चूल होती. मावशींनी जाहीर केलं, की घरच्या आधीच्या बाईला विचारल्याशिवाय ही चूल पेटणार नाही. हा नियम कुठल्या पोथीतला, हे विचारायची सोय नव्हती. तोवर स्वयंपाक बाहेरच्या कोठारात, कॅम्पिंगच्या गॅसवर. काका भूलतज्ज्ञ, आयुष्यभर दुसऱ्यांना भूल दिलेला हा माणूस ओव्हरकोट घालून, पूर्ण शुद्धीवर, गार पिठलं गिळत असे. ऑक्टोबर संपत आला होता.

गावच्या इतिहासमंडळाचे सेक्रेटरी, एक निवृत्त हेडमास्तर, जाडजूड फाइल घेऊन आले. तीत सात पिढ्यांचे शेतकरी ओळीने होते. शेवटचा मालक चाळीस वर्षं एकटाच राहिलेला, अविवाहित.

"म्हणजे बाई नव्हतीच की!" काका आशेने म्हणाले. काड्यापेटी त्यांच्या खिशात तयार होती.

"अहो, ब्रह्मचाऱ्याचं स्वयंपाकघर असं असतं का?" मावशी कडाडल्या. फळीवर राहिलेला एक लाकडी चमचा त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. "जावईबापू, बघा, झिजलाय कुठल्या बाजूने. फळ्या सगळ्या माझ्या खांद्याला लागतायत. बाई बुटकी होती, डावखुरी होती, आणि जन्म इथे काढलाय तिने. कागदांचं मला नका सांगू. कागद लिहिणारे कधी भांडी घासतात का?"

दुसऱ्या दिवसापासून मावशी गावात दारोदार विचारत सुटल्या: बुटकी, डावखुरी बाई कोण? पोस्टातल्या बाई सहज म्हणाल्या, "ती होय, एडिथ! तुमच्या घराच्या जुन्या मालकाची बहीण." भाऊ वारला, घर विकलं गेलं आणि एडिथबाई गेल्या वृद्धाश्रमात. हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले, "हो, ती होती. पण ती नुसती बहीण ना!" मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

वृद्धाश्रम निघाला लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडपासून दोन स्टॉपवर, म्हणजे मावशी दर शनिवारी कोथिंबीर आणायला जात त्याच रस्त्याला. रविवारी काकांच्या गाडीतून एडिथबाई घरी आल्या. खरोखरच मावशींच्या खांद्याएवढ्या! मावशींनी दारात त्यांना कुंकू लावलं आणि डाव्या हातात काडी दिली. बाईंनी कोळसा रचला, चुलीच्या खालच्या दाराला एक सराईत लाथ घातली, आणि चूल भडकली. काकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी तिथूनच हेडमास्तरांना फोन लावला आणि "फाइलमध्ये लिहा, शाईने लिहा," म्हणून नावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं. एखादा गड सर केल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

जेवायला एडिथबाईंना मधल्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीच्या कडेला अवघडून बसल्या. "कामकरी माणसं बारा असायची," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचं होईपर्यंत माझं जेवण उभ्यानेच व्हायचं. या टेबलाशी बसले नाही मी कधी."

पळी हातात घेऊन मावशी तशाच उभ्या राहिल्या. मग ती पळी त्यांनी काकांच्या हातात दिली, एडिथबाईंच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. काका वरणभात वाढू लागले. इतक्या वर्षांत मावशींना सगळ्यांबरोबर बसून गरम गरम जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. आजवर आपल्या हे लक्षातही आलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.